मेव्हण्याचं ॲप आणि पुढच्या सोडतीचे आकडे

प्रश्न थोडक्यात असा: "माझ्या मेव्हण्याने एआयवर चालणाऱ्या एका ॲपची वर्गणी भरली आहे. त्यात मागच्या पाच वर्षांचे लॉटरीचे निकाल आहेत आणि ते पुढच्या सोडतीचे 'दाट शक्यतेचे' आकडे सांगतं. अमेरिकेत एका बाईला चॅटजीपीटीला विचारून बक्षीस लागलं, ती बातमीही तो सगळ्यांना दाखवत असतो. यात काही तथ्य आहे का, की घरच्यांनी त्याला हटकावं?"

तथ्य नाही. लागणारा आकडा ओळखायच्या कामी एआयचा काडीचाही उपयोग नाही. पण एवढ्या उत्तरावर तुमचे मेव्हणे गप्प बसणार नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गेली बावीस वर्षं माझं पोट अंदाज बांधण्यावर चालतं. आधी विम्याच्या दाव्यांचे अंदाज, नंतर किराणा मालाच्या मागणीचे. दिवाळी जवळ आली की कुणीतरी नातेवाईक फराळाच्या ताटावरून हळूच विचारतोच, "तुमच्या त्या मशीन लर्निंगमध्ये बंपरचं काही बसतं का हो?" बसत नाही. आणि का बसत नाही, हे किराण्याच्याच उदाहरणाने चांगलं कळतं.

दिवाळीआधी रवा, बेसन, साखर यांचा खप वाढतो. त्याला कारण आहे: घराघरात लाडू वळायला घेतलेले असतात. मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमला, लाडू ठाऊक नसतात, पण दरवर्षीच्या विक्रीत त्या लाडवांचे ठसे उमटलेले असतात आणि मॉडेल ते ठसे हुडकून काढतं. एआय म्हणून जे काही विकलं जातं, त्याच्या मुळाशी हेच आहे. जुन्या नोंदींत कारणाचा ठसा असेल तर तो सापडतो, पुढेही तेच कारण काम करणार असेल तर अंदाज बरोबर येतो. लॉटरीचं यंत्र मात्र मुद्दाम असं बनवलेलं असतं, की कुठलंच कारण कुठलाच ठसा ठेवणार नाही. सारख्या वजनाचे चेंडू, हवेच्या झोताने घुसळलेले, सोडतीआधी तपासलेले. मागच्या आठवड्यात आपण बाहेर पडलो होतो हे चेंडूला आठवत नाही. ज्या नोंदींत ठसाच नाही, त्यातून ठसा काढणारं यंत्र कितीही महागडं आणलं तरी हाती काय लागणार?

यावर मेव्हणे म्हणतील, "पण काही आकडे जास्त वेळा निघतातच की!" निघतात, आणि निघायलाच हवेत. 2000 च्या दशकात आपल्याकडे प्लेविन या ऑनलाइन लॉटरीचा सुपर लोट्टो जोरात होता. 49 पैकी 6 आकडे निवडायचे. अशा खेळात एकूण 1,39,83,816 जोडण्या होतात. समजा, तिथे हजार सोडती झाल्या. प्रत्येक आकडा सरासरी 122 वेळा निघायला हवा. पण सगळे 49 आकडे बरोबर 122 वर थांबले, तर मी म्हणेन की यंत्रात नक्की गडबड आहे. निव्वळ योगायोगानेच सगळ्यात लाडका आकडा 145 च्या आसपास जातो आणि सगळ्यात दुर्लक्षित आकडा 100 च्या आसपास राहतो. इतका फरक गणिताने आधीच अपेक्षित असतो. ॲप 145 वाल्याला 'हॉट' म्हणतं आणि 100 वाल्याला 'ड्यू', म्हणजे आता याची पाळी. गंमत अशी, की हे दोन दावे एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकात जो आला तोच पुन्हा येणार, दुसऱ्यात जो आला नाही तो येणार. एकाच पडद्यावर दोन्ही दाखवल्यावर कुठला तरी एक खरा ठरतोच.

'आता याची पाळी' या समजुतीने इटलीत काय झालं, ते मेव्हण्यांना जरूर सांगा. तिथल्या लोट्टोमध्ये व्हेनिस शहरासाठीच्या वेगळ्या चक्रावर 53 हा आकडा जवळजवळ दोन वर्षं, 182 सोडतींत निघालाच नाही. जसजसा तो लांबत गेला, तसतशी लोकांची खात्री वाढत गेली आणि त्या एका आकड्यावर अब्जावधी युरो लावले गेले. घरं गेली, कर्जं झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. शेवटी 9 फेब्रुवारी 2005 ला 53 निघाला. त्या दिवशीही त्याची शक्यता पहिल्या दिवशी होती तेवढीच होती.

हाताखाली नवीन मुलं येतात, तेव्हा मी त्यांच्याकडून एक प्रयोग करून घेतो. संगणकाला हजार खोट्या सोडती काढायला सांगायच्या आणि ती फाईल हवं तेवढं भारी मॉडेल लावून तपासायची. मॉडेल त्यातूनही काहीतरी नक्की शोधून काढतं: अमुक आकड्यानंतर तमुक येतो, सम आकड्यांच्या लाटा असतात, वगैरे. त्या जुन्या हजार सोडतींवर ते नियम झकास बसतात. पुढच्या शंभर खोट्या सोडती दिल्या, की सगळा डोलारा कोसळतो. आमच्या धंद्यात याला ओव्हरफिटिंग म्हणतात. गेल्या वर्षीचा पेपर पाठ करून यंदाच्या परीक्षेला बसण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच, की शाळेत निदान दोन-तीन प्रश्न तरी पुन्हा पडतात.

"ॲपने सांगितलेल्यातले तीन आकडे लागले" अशी जाहिरात तुम्ही पाहिली असेल. 49 पैकी 6 च्या खेळात डोळे मिटून निवडलेल्या सहांपैकी बरोबर तीन जुळण्याची शक्यता साधारण 57 मध्ये एक असते. ॲपने दर सोडतीला दहा संच दिले, तर पाच-सहा सोडतींत एकदा तीन जुळणारच. त्या दिवशीचा स्क्रीनशॉट जाहिरातीत येतो. बाकीच्या दिवशीचे कुणी ठेवत नाही.

आता अमेरिकेची बातमी. ती खरी आहे. सप्टेंबर 2025 मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या एका बाईंनी चॅटजीपीटीकडून आकडे घेतले आणि पॉवरबॉल या लॉटरीत त्यांना दीड लाख डॉलर लागले. त्यांनी ती सगळी रक्कम दान करून टाकली, आणि मला विचाराल तर बातमीतला हाच भाग सांगण्यासारखा आहे. त्यांना पहिलं बक्षीस लागलं नव्हतं. पाचपैकी चार आकडे आणि वेगळा काढला जाणारा लाल चेंडू जुळला होता, मूळ बक्षीस 50 हजार डॉलर, जादा पैसे भरून घेतलेल्या पर्यायामुळे ते तिप्पट झालं. हे जुळण्याची शक्यता 9,13,129 मध्ये एक. त्या खेळाची दर सोडतीला लाखो तिकिटं विकली जातात. कुणी मुलांच्या वाढदिवसाचे आकडे लावतो, कुणी गाडीचा नंबर, कुणी स्वप्नात दिसलेला. आज लाखो लोक चॅटबॉटला विचारतात. त्यातल्या कुणाला तरी लागणारच. ज्यांना लागलं नाही, त्यांची बातमी कोण छापणार?

उलट चॅटबॉटला आकडे विचारण्यात एक तोटा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. चॅटबॉट सोडत काढत नाही. तो माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर वाढलेला आहे आणि पुढे कुठला शब्द शोभेल याचा अंदाज बांधतो. त्याला 1 ते 10 मधला एक आकडा मनात धरायला सांगा, बहुतेक वेळा 7 येईल. 1 ते 100 मधला विचारा, 42, 37, 73, 47 असले ठरलेले पाहुणे पुन्हा पुन्हा येतात. माणसांना जे आकडे 'रँडम वाटतात' तेच त्यालाही वाटतात. म्हणजे हजारो लोकांनी त्याला विचारलं, तर हजारोंच्या तिकिटांवर तेच ते आकडे जमतात. लागण्याची शक्यता त्याने कमी होत नाही. पण जिथे पहिलं बक्षीस विजेत्यांत वाटलं जातं तिथे आपला वाटा कमी होतो.

याचा पुरावा चॅटबॉटच्या आधीचा आहे. 30 मार्च 2005 च्या पॉवरबॉल सोडतीत दुसऱ्या बक्षिसाचे तब्बल 110 विजेते निघाले. नेहमी तीन-चार असायचे, त्यामुळे आयोजकांना घोटाळ्याचा वास आला. चौकशीत निघालं काय, तर या लोकांनी चिनी हॉटेलात जेवणानंतर मिळणाऱ्या फॉर्च्यून कुकीतल्या चिठ्ठीवरचे आकडे लावले होते आणि सगळ्या चिठ्ठ्या एकाच कारखान्यात छापलेल्या होत्या. ते बक्षीस ठरीव रकमेचं होतं, म्हणून सगळ्यांना पूर्ण मिळालं. 14 जानेवारी 1995 ला ब्रिटनमध्ये मात्र पहिल्या बक्षिसाचेच 133 वाटेकरी झाले. सुमारे 1 कोटी 60 लाख पौंडांतून प्रत्येकाच्या हाती आले 1,22,510 पौंड. आकडे होते 7, 17, 23, 32, 38, 42. तिकिटाच्या कागदावर मधोमध नेटके पसरलेले, बघणाऱ्याला 'छान विखुरलेत' असं वाटणारे. आज चॅटबॉट ही सगळ्यांची सामायिक फॉर्च्यून कुकी झाली आहे. परदेशातल्या कुणा आप्ताला तिकीट घ्यायचंच असेल, तर दुकानातलं यंत्र जे आकडे देतं ते घ्यावेत, निदान ते कुणाच्या आवडीचे नसतात.

हे सगळं झालं आकडे निवडायच्या लॉटरीबद्दल. आपल्याकडच्या सरकारी कागदी लॉटरीत मुळात आपण आकडा निवडतच नाही. महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 पासून आहे. टपरीवर दोरीला लटकवलेली तिकिटं असतात, त्यांवर मालिका आणि क्रमांक आधीच छापलेला असतो. तुम्ही फार तर 'शेवटी 7 असलेलं दे' म्हणाल. केरळात तिरुवोणम बंपरचं तिकीट 500 रुपयांचं, पहिलं बक्षीस 25 कोटी. 2022 मध्ये सुमारे 66 लाख तिकिटं खपली होती, म्हणजे एका तिकिटाला 66 लाखांत एक संधी. ॲपने समजा पूर्ण क्रमांक सांगितलाच, तर ते तिकीट कासरगोडच्या कुठल्या टपरीवर लटकलंय, हे कोण शोधणार? त्या वर्षी ते एका रिक्षाचालकाला लागलं. एजंटचे 10 टक्के आणि 30 टक्के कर जाऊन हाती 15 कोटी 75 लाख आले. पुढच्याच काही दिवसांत मागणाऱ्यांची दारात इतकी रीघ लागली, की "लागलं नसतं तर बरं झालं असतं" असं त्याला म्हणावं लागलं.

मग लॉटरीला आजवर कुणीच हरवलं नाही का? हरवलंय. माझ्या मते या विषयात वाचण्यासारखं खरं तर इथेच आहे.

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इव्हार्ट या छोट्या गावात जेरी सेल्बी नावाचे निवृत्त दुकानदार राहत. गणिताचे पदवीधर. 2003 मध्ये त्यांनी विनफॉल नावाच्या नव्या खेळाचं माहितीपत्रक वाचलं. त्यात एक कलम होतं: पहिल्या बक्षिसाची रक्कम 50 लाख डॉलरच्या वर गेली आणि कुणालाच ते लागलं नाही, तर पैसे खालच्या बक्षिसांत वाटले जातील. बहुतेक लोकांनी हे वाचून सोडून दिलं असेल. सेल्बींनी तिथल्या तिथे हिशेब केला. अशा आठवड्यात एक डॉलरची 1100 तिकिटं घेतली, तर सरासरीने चार आकड्यांचं एक बक्षीस, साधारण हजार डॉलर, आणि तीन आकड्यांची अठरा-एकोणीस, प्रत्येकी पन्नास डॉलर. म्हणजे 1100 घालून 1900 च्या आसपास परत. कुठले आकडे निघतील याचा त्यांनी विचारही केला नाही. कुठल्या आठवड्यात तिकीट स्वस्त पडतं, एवढंच पाहिलं. मिशिगनमधला खेळ बंद झाला, तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये तसलाच कॅश विनफॉल सुरू होता. मग नवरा-बायको गाडीने तिकडे जायचे, दिवसच्या दिवस दुकानात उभं राहून तिकिटं छापून घ्यायचे आणि हॉटेलच्या खोलीत ती एकेक करून तपासायचे. तिथल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटालाही हीच फट सापडली होती. 2012 च्या सुरुवातीला तो खेळ बंद झाला. नऊ वर्षांत सेल्बींच्या गटाने पावणेतीन कोटी डॉलरच्या घरात बक्षिसं घेतली आणि त्यात निव्वळ नफा सुमारे 77 लाख डॉलर होता. सगळं कायदेशीर.

मूळच्या रुमानियाच्या स्टीफन मँडेल यांनी तर 1992 मध्ये व्हर्जिनियात सरळ सगळ्याच जोडण्या विकत घ्यायचा घाट घातला. 44 पैकी 6 म्हणजे 70,59,052 जोडण्या, डॉलरला एक तिकीट, पहिलं बक्षीस 2 कोटी 70 लाख. वेळ संपल्याने 50 लाखांच्या आसपासच तिकिटं झाली, तरी नेमकं लागणारं त्यात होतं. टोरांटोचे मोहन श्रीवास्तव हे खाणींतल्या साठ्यांचे अंदाज करणारे संख्याशास्त्रज्ञ. 2003 मध्ये त्यांनी एक खरवडायचं तिकीट नुसतं पाहिलं आणि वर छापलेल्या उघड्या आकड्यांवरूनच, न खरवडता, तिकीट जिंकणारं आहे की नाही हे बऱ्याच खात्रीने ओळखून दाखवलं. छापखान्याच्या पद्धतीत ठसा राहून गेला होता. त्यांनी लॉटरीवाल्यांना कळवलं आणि ते तिकीट बाजारातून काढून घेतलं गेलं.

चोरीचे मार्गही आहेत. पेन्सिल्वेनियात 24 एप्रिल 1980 ला 666 निघाला, कारण 4 आणि 6 सोडून बाकीच्या चेंडूंमध्ये रंग भरून ते जड केले होते. एडी टिप्टन हा तर अनेक राज्यांची लॉटरी चालवणाऱ्या संघटनेचा सुरक्षा अधिकारी. आकडे काढणाऱ्या संगणकातच त्याने अशी मेख मारून ठेवली, की वर्षातल्या ठरावीक तीन तारखांना निकालाचा अंदाज त्याला आधीच यावा. 2010 मधलं 1 कोटी 65 लाख डॉलरचं एक तिकीट त्याला भोवलं आणि 2017 मध्ये गुन्हा कबूल केल्यावर कमाल 25 वर्षांची शिक्षा झाली.

यातल्या एकानेही जुन्या निकालांचे तक्ते मांडून बसून पुढचा आकडा काढलेला नाही. कुणी नियम वाचला, कुणी छपाई पाहिली, कुणी यंत्राशी खेळ केला. टिप्टनची मेखसुद्धा निकालांच्या यादीत दिसण्यासारखी नव्हती, ती दिसली कोडमध्ये. तुमच्या ॲपकडे काय आहे? निकालांची यादी.

तक्त्यांचा विषय निघालाच आहे, तर मटक्याबद्दलही बोलतो, कारण 'एआय गेसिंग' या नावाने सगळ्यात जास्त लूट तिथे चालते. तो बेकायदेशीर आहे, हे बाजूला ठेवून नुसता हिशेब पाहा. एकेरी आकड्याला दहात एक संधी आणि भाव नऊ पट. जोडीला शंभरात एक आणि भाव नव्वद पट. खेळ अगदी सचोटीने झाला, तरी रुपयाला दहा पैसे गेलेच. इथे कुणी हुशार माणूस मला अडवतो: "मटक्याचा आकडा माणूस काढतो. माणसाला सवयी असतात, मग तिथे ठसा नाही का राहणार?" मुद्दा बरोबर आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरून ओपन-क्लोज, म्हणजे दिवसाचा पहिला आणि दुसरा आकडा, लागायचा तो जमाना साठच्या दशकात संपला, तेव्हापासून आकडा माणसाच्याच हातात आहे. पण आकडा काढणाऱ्याला समोर कुठल्या आकड्यावर किती पैसे लागलेत हे दिसतं, आणि तुम्हाला फक्त चार्ट, म्हणजे जुन्या निकालांचा तक्ता दिसतो. त्याला सवय असलीच, तर ती लागलेल्या पैशांकडे पाहून आकडा ठरवायची असणार. ती माहिती चार्टमध्ये कुठेच नाही. वीस वर्षांचा चार्ट पाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत. ओपनवरून क्लोज सांगतात, पान, म्हणजे तीन आकड्यांचा संच, कुठलं लागणार ते सांगतात, आणि उधारीवर चहा पितात.

राहता राहिली म्हाडाची सोडत. हसू नका, हाही प्रश्न मला येतो. आणि आपल्याकडे एवढी एकच सोडत अशी आहे जिथे आकडेमोडीचा खरा उपयोग होतो. तिथे संधी ठरते ती त्या योजनेतली, तुमच्या उत्पन्न गटातली आणि प्रवर्गातली घरं किती आणि अर्ज किती यावर. मागच्या सोडतींत कुठल्या भागाला किती अर्ज आले हे पाहून कमी गर्दीच्या योजनेत अर्ज टाकला, तर संधी खरोखर काही पटींनी वाढू शकते. शिवाय घर नाही लागलं तर अनामत रक्कम परत मिळते. सेल्बींनी केलं ते हेच. मेव्हण्यांना आकडेमोडीची एवढी हौस असेल, तर तिथे लावायला सांगा.

हटकायचं का, असं तुम्ही विचारलंत. महिन्याला शंभर-दोनशेची तिकिटं हौसेने घेत असतील तर मी हटकणार नाही, तेवढे पैसे लोक सिनेमाच्या पॉपकॉर्नवर घालवतात. पण ॲपच्या भरवशावर तिकिटांची संख्या वाढायला लागली असेल, किंवा ते ॲप इथून परदेशी लॉटरीचं तिकीट काढून देतो म्हणत असेल, तर लगेच थांबवा. लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून पैसे बाहेर पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांनी बंदी आहे.

आणि वाद घालत बसू नका. मी हाताखालच्या मुलांना देतो तशी हजार खोट्या सोडतींची फाईल तुम्हीही एक्सेलमध्ये दहा मिनिटांत बनवू शकाल. त्या ॲपमध्ये निकाल भरायची सोय असेल, तर ती फाईल 'नवीन राज्याची लॉटरी' म्हणून भरा आणि मेव्हण्यांसमोर पुढचे आकडे विचारा. त्यातही हॉट, ड्यू आणि 87 टक्के खात्री असलं काहीतरी आलं, की फोन त्यांच्याच हातात द्या. तेवढ्यात वर्गणीचा ऑटो-पे मात्र आठवणीने बंद करून घ्या.